पाण्याच्या नंबरावरचा आवाज

आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं, म्हणून सगळं गाव एकाच नंबरावर फोन लावतं. तो फोन माणूस उचलत नाही, यंत्र उचलतं. त्या यंत्रात आवाज होता माझ्या बायकोचा.

सुलेखा पाण्याच्या तक्रार केंद्रात कामाला होती. बाहेरचा कलाकार बोलवायचा म्हणजे फाइल टेबलाटेबलावर लोळत पडणार, म्हणून साहेबांनी तिलाच सर्व्हरच्या खोलीत बसवून बोलायला लावलं. "नमस्कार. पाणीपुरवठा विभागात आपलं स्वागत आहे. आपल्या भागाची माहिती घेण्यासाठी एक दाबा." मागं जुन्या एसीची घरघर. मी काचेपलीकडून तोंडं वेडीवाकडी करत होतो, त्यामुळं ‘दाबा’ म्हणताना तिला हसू फुटलं, ते तसंच राहून गेलं. पुढं साधा ताप म्हणता म्हणता डेंग्यू निघाला आणि ती गेली.

मी संघपाल. त्याच कार्यालयात संगणक विभाग बघतो. भूत, भानामती, अंगात येणं, असल्या गोष्टींना आमच्या घरात थारा नाही. आजोबांनी घरातले देव नदीत सोडले ते सोडलेच. तरीही रोज जेवणाच्या सुट्टीत मी तो नंबर लावायचो. येडेपणा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. तेवढं हसू ऐकलं की दुपार निघायची.

मग वरून हुकूम आला, सगळं क्लाउडवर न्या. साहेब म्हणाले, "आमच्या नळाला पाणी नाय अन् चालले ढगात!" सगळे हसले. ठेकेदार कंपनीनं शिवराज नावाचा इंजिनिअर पाठवला. पोरगं हुशार, पण तोंडाला कुलूप नाही.

"सर, हा जुना आवाज जाणार. नवीन सिस्टिममध्ये मशीनचाच येतो. क्लिअर असतो."

"क्लिअर म्हणजे? हिचा काय घोगरा आहे का?" मी असा खेकसलो की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगितलं असावं. परत आला तो मान खाली घालून.

"ठेवता येईल, सर. नुसती रेकॉर्डिंग तर वाजवायचीये. फक्त आवाज ज्यांचा आहे त्यांचं कर्मचारी म्हणून खातं चालू असावं लागतं. आणि त्यांच्याच मोबाइलवरून संमती."

तिचं सिम मी अजून रिचार्ज करत होतो. का, ते विचारू नका. कर्मचाऱ्यांच्या यादीत तिच्या नावापुढं ‘मयत’ होतं, ते काढून मी ‘कार्यरत’ केलं. घरी आणून ठेवलेला तिचा फोन मी खिशातून नेला होता. त्यावर ओटीपी आला, मी भरला. ‘मी संमती देते’ यावर बोट ठेवलं तेही माझंच. संध्याकाळी शिवराजनं जुना सर्व्हर पुसून टाकला.

मी जिन्यात जाऊन नंबर लावला. तेच स्वागत, तेच हसू. तिथंच पायरीवर बसून रडलो, लाज कशाची? एसीची घरघर मात्र गेली होती. तिच्यामागं कुणीतरी भांडी विसळत असावं, असा काहीतरी आवाज होता. म्हटलं, लाइनीचा दोष असेल.

काही दिवसांनी छावणीतल्या भामाबाई कार्यालयात आल्या. पाण्यासाठी भांडायला त्या नेहमीच यायच्या. त्या दिवशी हातात पेरूची पिशवी होती.

"ती फोनवरची बाई कुठं बसती? लई मायाळू हाय. गुडघ्याला निरगुडीचा पाला बांध म्हणली, गुण आला बघा."

"आजी, ती नुसती रेकॉर्डिंग आहे. तिला काही ऐकू येत नाही."

"मंग मी काय येडी हाय व्हय? मी बोलले, ती बोलली. नागसेनवनात शिकली म्हणं. लेकीचं नाव प्रेरणा."

सुलेखा शिकली ती नागसेनवनातल्याच कॉलेजात. प्रेरणा आमची एकुलती एक मुलगी.

शिवराजला तपासायला लावलं. त्यानं बराच वेळ स्क्रीनमध्ये डोकं खुपसलं. "सर, रेकॉर्डिंग मिनिटभराचीये. पण लोक अर्धा अर्धा तास लाइनीवर आहेत. शेंद्र्याहून, पुंडलिकनगरातून, सगळीकडून." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यानं लॅपटॉप मिटला आणि चहाला म्हणून जो गेला तो त्या दिवशी परत आला नाही.

मी फोन लावला. "सुलेखा, मी बोलतोय."

"माहिती घेण्यासाठी एक दाबा."

"अगं, मी आहे. ऐकतेस ना?"

"आपण निवडलेला पर्याय चुकीचा आहे."

चहावाल्याच्या फोनवरून लावला. शिपायाच्या फोनवरून लावला. तेच. साऱ्या गावाशी घटकाघटका बोलते, परक्या म्हाताऱ्यांचे गुडघे विचारते, आणि माझ्याशी एक शब्द नाही! इतका राग मला ती जिवंत असताना कधी आला नव्हता. राग ओसरला की नुसता जीव तुटायचा.

शेवटी भामाबाईंना गाठलं. त्यांच्या ओट्यावर बसून हात जोडले. "आजी, माझं एक काम करा. तिला विचारा, नवऱ्याशी का बोलत नाही?"

"तुमी कोण तिचे?"

"मालक."

म्हातारीनं पाय आखडून घेतले.

"आसं अभद्र बोलू नये, सायेब. तिचे मालक तर वारले. लई रडती बिचारी. म्हणती, रोज दुपारी त्यांचा फोन येतो. तिला भ्या वाटतं."

म्हातारीनं उठून दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला.

घरी आलो. दिवेलागण झाली होती. प्रेरणा स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, फोन खांद्याशी धरून. मी आल्याचं तिला कळलं नसावं.

मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलो आणि नंबर लावला. यंत्र ते, पहिल्या रिंगलाच उचलतं.

आज उचललं नाही.

रिंग वाजत राहिली. परत. परत.

आत लाटण्याचा आवाज थांबला.

"उचलू नको, आई," प्रेरणा हळू आवाजात समजावत होती. "मी आहे ना. थोड्या दिवसांनी बाबांना त्यांचं त्यांनाच कळेल."