सुलभाताईंची जागा

हे केळीचे वेफर कोणी आणून ठेवले रे मोहित?

नाही ना सांगता येत? निम्मं ताट रिकामं केलंस, पण आणलं कोणी ते माहीत नाही. रश्मी, तू सांग. तूही नाही बघितलंस? अरे, तुमची मालूकाकू गुडघे धरत गच्चीपर्यंत चढून आली, तुम्हा दोघांच्या मधून वाकून ताट ठेवलं आणि खाली गेली. डोळ्यांसमोरून अख्खी बाई आली नि गेली, अन् पत्ता नाही! ठेवा ते मोबाइल बाजूला. लाइट तसाही गेलाय. नंदकुमारचं काय झालं ते आज सांगतोच तुम्हाला. ऐकीव नाही हं. त्यानं हॉस्पिटलात माझा हात धरून स्वतः सांगितलंय.

मागच्या वर्षीची भोगीची रात्र. थंडी अशी की शनवाऱ्याच्या बाजारातली दुकानं लवकर बंद झालेली. नंदकुमारनंही कापडाचं दुकान बंद केलं आणि स्कूटर काढून शाहपूर रोडवरच्या नाट्यमंडळाच्या हॉलवर निघाला. काम एकदम साधं. पांढऱ्या पावडरचा डबा तिथं राहिला होता, तो आणायचा.

डबा कशाला, तर प्राजक्ताच्या केसांना लावायला. सकाळी नाट्यमंडळाची सगळी पोरं इंदूरला स्पर्धेला जाणार होती. नाटक एकपात्री. म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत स्टेजवर एकटी बाई, आणि ती बाई सत्तरीची. करणार कोण? चोवीस वर्षांची प्राजक्ता. केसांत पावडर भरायची, डोळ्यांखाली रेघा ओढायच्या आणि कंबर वाकवून चालायचं. पोरगी गुणी आहे, तिचा काही दोष नाही. पण ते नाटक तिच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं.

लिहिलं होतं सुलभाताईंनी. शाळेत मराठी शिकवायच्या, रिटायर झालेल्या. उभा जन्म मंडळात गेला. आणि केलं काय तिथं? विंगेत लाकडी खुर्ची टाकून प्रॉम्प्टिंग. नट अडखळला की हळूच पुढचा शब्द द्यायचा. चहा गाळायचा, साड्यांना इस्त्री करायची. एखाद्या नाटकात आई लागली तर आतूनच आवाज द्यायचा, "आले हं बाळा!" लोकांनी त्यांचा आवाज ऐकला, तोंड कधी बघितलं नाही. शेवटी बाईंनी स्वतःसाठी एकपात्री लिहिलं. एक म्हातारी घरात सगळ्यांच्या समोर बसलेली असते आणि कोणालाच दिसत नाही. सून धुतलेले कपडे आणून तिच्या मांडीवर टाकते. मुलगा पाहुण्यांना सांगतो, घरात कोणी नाही. आणि दर वेळी ती म्हणते, "अरे, मी इथंच बसलेय ना!"

नंदकुमार मंडळाचा अध्यक्ष, दिग्दर्शकही तोच. साठीला टेकलेला, पण दर पंधरवड्याला केस काळे करणारा. वाचून म्हणाला, "ताई, स्क्रिप्ट एक नंबर! पण खऱ्या म्हातारीला बघायला कोण येणार, सांगा? पब्लिकला फेस लागतो. प्राजक्ता करेल. तुम्ही आपल्या विंगेत बसा."

सुलभाताईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "निदान एकदा समोरून तरी बघू द्या मला. पहिल्या रांगेत एक खुर्ची द्या."

"पहिली रांग मान्यवरांची असते ताई. आणि मग प्रॉम्प्टिंग कोण करेल?"

पोस्टर लागलं. लेखक-दिग्दर्शक, नंदकुमार. ताईंचं नाव कुठंच नाही.

राग येतो ना? मला तर आजही येतो.

पहिला प्रयोग कार्तिकात झाला. टाळ्याच टाळ्या. ते वाक्य तर पोरांच्या तोंडी असं बसलं की विचारू नका. जो तो कंबर वाकवून एकमेकांना म्हणतोय, "अरे, मी इथंच बसलेय ना!" हसत हसत सगळी बाहेर पडली. नंदकुमारनं दिवे घालवले आणि तो दाराशी उभा राहून ओरडला, "कोणी राहिलंय का आत?"

आतून आवाज आला, "अरे... मी इथंच बसलेय ना..."

नंदकुमार हसला. म्हणाला, "बस झाली नौटंकी, चला!" कोणीतरी पोरगं मस्करी करतंय, मागच्या दारानं निघेल, असं तो धरून चालला. त्यानं कुलूप लावलं आणि सगळ्यांबरोबर चहाला गेला.

सकाळी चौकीदार भाईदास झाडायला आला, तेव्हा सुलभाताई विंगेत आपल्या खुर्चीवर होत्या. गार पडलेल्या. डॉक्टर म्हणाले, हार्ट. लोक म्हणाले, वय झालं होतं. घरी एकट्याच राहायच्या, त्यामुळे रात्रभर कोणी शोधलंही नाही. आणि ते आतून आलेलं उत्तर नंदकुमारनं तेव्हा कोणालाच सांगितलं नाही. हार घातला, दोन मिनिटं उभा राहिला आणि इंदूरचा फॉर्म भरला. वा रे वा!

तर भोगीची रात्र. हॉलच्या मागं केळीची बाग आहे, बघितलीय ना तुम्ही? वारा सुटला की पानं फडफडतात. नंदकुमारनं कुलूप उघडून कडीलाच अडकवलं. आत जाऊन बटण दाबलं. लाइट नाही. मोबाइलची बॅटरी लावून तो स्टेजवरून मेकअपच्या खोलीत गेला. डबा आरशासमोरच होता. उचलला, तर हलका लागला. उघडला.

रिकामा. आतून पुसून ठेवल्यासारखा.

"या पोरांना अक्कल नाही," असं पुटपुटत तो परत स्टेजवर आला. आणि घंटा वाजली.

नाटकाची घंटा रे. पहिली. मग दुसरी. मग तिसरी... लांब.

लाइट नव्हता. घंटा विजेवरची आहे.

नंदकुमार जागच्या जागी थांबला. त्यानं समोर उजेड टाकला. हॉलमधल्या खुर्च्या स्प्रिंगच्या, माणूस उठलं की बैठक आपोआप वर जाणाऱ्या. सगळ्या वर होत्या. एक माणूस नाही. तेवढ्यात मोबाइल विझला. मग विंगेत लाकडी खुर्ची सरकली. कोणीतरी नीट बसतं ना, तशी.

त्याला भाईदासला हाक मारायची होती. तोंड उघडलं... आणि नाव आठवेना. रोजच्या माणसाचं नाव! "वाचवा" हा शब्द आठवेना. कुठलाच शब्द आठवेना. उघड्या तोंडानं उभा.

तेव्हा विंगेतून शब्द आला. हळूच. अडखळलेल्या नटाला देतात तसा.

"अरे..."

नंदकुमारच्या तोंडून निघालं, "अरे..."

"मी इथंच..."

"मी इथंच बसलेय ना!"

पहिलं वाक्य झालं. मग दुसरं. आतून शब्द यायचा, हा बोलायचा. पाय हलेनात. रडत होता, पण कंबर वाकली होती आणि नाटक चाललं होतं. सुनेचं आलं. मुलाचं आलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

बाहेर पावलं वाजली. भाईदास होता. दाराशी येऊन म्हणाला, "कोन हाय आतमधी?"

नंदकुमारनं सगळा जीव गोळा केला. भाईदास, दार उघड, मला बाहेर काढ, असं सगळं मनात तयार होतं. विंगेतून हळूच शब्द आला... आणि तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "अरे, मी इथंच बसलेय ना!"

"वा साब!" भाईदास हसला. "रिहर्सल चालूय का? चालू द्या. कुत्रे शिरतात, मी कडी लावून घेतो."

कडी लागली. पावलं लांब गेली.

बरं झालं. हो, बरं झालं म्हणतो मी! तुम्ही नका बघू असं माझ्याकडे.

नाटक संपलं. विंग गप्प. मग खुर्ची सरकली... चपलांचा आवाज त्याच्या अगदी जवळून गेला. स्टेजच्या पायऱ्या उतरला. आणि अंधारात, पहिल्या रांगेत, एका खुर्चीची बैठक खाली झाली.

कर्र...

बराच वेळ काही नाही. नंदकुमार तालमीत पोरांना एकच शब्द सांगायचा, रात्री बारा वाजले तरी, कोणी दमलं तरी. तोच शब्द समोरून आला.

"परत."

सकाळी तो फोन उचलेना म्हणून अक्षय आणि प्राजक्ता हॉलवर आले. अक्षय म्हणजे मंडळात लाइट सांभाळणारा पोरगा. स्कूटर बाहेर, माणूस कुठं नाही. सगळा हॉल शोधला, मेकअपची खोली शोधली, विंगेतून चार वेळा गेले-आले. शेवटी अक्षयनं पोलिसांना फोन लावायला म्हणून पाठीवरची बॅग काढली आणि विंगेतल्या खुर्चीवर ठेवली.

बॅग नंदकुमारच्या मांडीवर होती.

तो तिथंच बसलेला. ओठ हलत होते, आवाज बसलेला. काळ्या केसांत डबाभर पावडर, आणि मधोमध नीट भांग पाडलेला. प्राजक्ता किंचाळली ती हॉस्पिटलपर्यंत थांबली नाही.

इंदूरला कोणी गेलं नाही. होळीआधी प्राजक्तानं इथंच प्रयोग केला, पावडर न लावता. आधी हात जोडून सांगितलं, "हे सुलभाताईंचं आहे, मी फक्त बोलते." दुकान आता मुलगा चालवतो, नंदकुमार तिथं नुसता बसलेला असतो. गिऱ्हाइकं त्याच्या डोक्यावरून कापडाचं ठाण मागतात, चहावाला त्याला सोडून सगळ्यांना कप देतो. तो काहीतरी पुटपुटतो. काय, ते कोणी ऐकत नाही.

रश्मी, कुठं चाललीस? काकूला बोलवायला? जा, पण एवढं ऐकून जा.

पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्या रात्रीपासून खालीच आहे. मिस्त्रीनं दोनदा स्प्रिंग बदलली. वर होत नाही. परवा हॉल बंद असताना भाईदासनं मला आत नेलं. आठ दिवस तिथं कोणी फिरकलं नव्हतं. बाकीच्या खुर्च्या थंडगार, धूळ बसलेली.

त्या खुर्चीवर मी हात ठेवला...

गादी गरम होती.