खाली येणारा खटका

घरगुती संगणकांचे ते पहिलेवहिले दिवस. सकाळी यंत्र चालू केलं की त्याची पाटी कोरी. डिस्क कशी वाचायची, एवढं पुढच्या पट्टीवरचे खटके वर-खाली करून त्याला दर वेळी नव्यानं शिकवायचं. मग डिस्कवरची ऑपरेटिंग सिस्टिम जागी व्हायची. म्हणजे व्हायला हवी होती. कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्ह गावी, एका परसातल्या शेडमध्ये, ती अजून एकदाही जागी झाली नव्हती.

डॉरिन आणि तिचा थोरला भाऊ एल्डन, दोघांनी मिळून ती लिहिली होती. बोटं जाड म्हणून एल्डन खटके पेन्सिलीच्या मागच्या गुलाबी रबरानं ढकलायचा. त्यातल्या एका खटक्यावरून दोघांचं नेहमी जुंपायचं. तो म्हणे खाली, ती म्हणे वर. तेव्हा डिस्कवर इतर चुकाही होत्या, त्यामुळे दोन्ही करून पाहिलं तरी निकाल लागत नव्हता. एप्रिलमध्ये एल्डन झोपेतच गेला आणि वाद तसाच राहिला. तेव्हापासून डॉरिन तो खटका वरच करत आली. तिच्या मते हिशेब तिच्या बाजूनं होता, आणि हट्टही.

आज त्यांचा मित्र मार्व्ह यंत्र कायमचं न्यायला आला होता. तो कॉलेजात शिकवायचा. सुटे भाग त्याच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडणार होते. द्यायची वस्तू म्हणून डॉरिननं सकाळीच पट्टी ओल्या फडक्यानं लख्ख पुसली होती. बाहेर धुकं होतं आणि खडकांवर समुद्रसिंह भुंकत होते.

"एकदा शेवटचं बघते," ती म्हणाली.

"बघ बाई. मेलेल्याला किती वेळा उठवशील?" मार्व्ह बोलून गेला आणि ओशाळला. "यंत्राबद्दल म्हणालो गं."

ती एकेक खटका लावत गेली. वादाची जागा आली. तिनं खटका वर केला.

टक्. तो खाली आला.

पुन्हा वर केला. टक्.

"स्प्रिंग गेली असेल." मार्व्हनं स्वतः खटका हलवून पाहिला. "छे, हा तर चांगला कडक आहे! बोट दुखलं माझं."

डॉरिननं तो वर केला आणि हात मागे घेतला. दोघंही बघत होते.

खटका सावकाश, कुणीतरी दाबावा तसा, खाली गेला.

मार्व्हनं वाकून पट्टीच्या मागे पाहिलं.

डॉरिनला भीती वाटली. पण त्याहून जास्त एल्डनची आठवण आली, आणि तिचे डोळे भरले.

"बरं बाबा," ती पुटपुटली, "तुझंच खरं."

खटका तसाच ठेवून तिनं पुढचे लावले.

डिस्क खरखरली. दिवे लुकलुकले. पडद्यावर एकच अक्षर उमटलं आणि हुकमाची वाट बघत थांबलं.

"अगं, उठली की!" मार्व्ह ओरडला. गाडीच्या किल्ल्या त्यानं खिशात टाकल्या. "सुटे भाग राहू देत. पोरांसाठी मला या डिस्कची नक्कल करून दे!"

डॉरिन हसत हसत डोळे पुसत होती. मग तिची नजर पट्टीकडे गेली.

त्या एका खटक्याखाली रबराचा गुलाबी चुरा पडला होता. तिच्या डोळ्यांदेखत त्यात आणखी एक कण पडला.