नाव न घेणारी बायको

सकाळच्या चहाला आई समोर आली आणि तिच्या डाव्या डोळ्याखालचा काळानिळा वळ बघून बुरुलच्या हातातली चहाची वाटी तशीच राहिली... सायरागुलने लगबगीने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला, पण सहा महिन्यांनी बिश्केकहून माहेरी आलेल्या लेकीच्या नजरेतून असं काही सुटतं होय!

"कशानं लागलं?"

"गाईनं मान उडवली. धार काढत होते."

"गाय तर गेल्या थंडीत विकलीत ना, आई?"

ज्याला खोटं बोलायची सवय नाही त्याने त्या वाटेला जाऊच नये. सायरागुलने कोपऱ्यातल्या गादीकडे पाहिलं. तिथे तिचा नवरा काल्मुर्झा बसल्या बसल्या पेंगत होता आणि त्याचा उजवा हात मांडीवर आपला आपण थरथरत होता.

"तुझ्या बाबांना काही बोलू नकोस हं," ती हळूच म्हणाली. "त्यांना ठाऊक नाही. झोपेत ते... त्या हेल काढणाऱ्याशी झुंजत होते."

हेल काढणारा म्हणजे लांडगा. सासऱ्यांच्या नावात लांडगा होता, म्हणून सायरागुलने तो शब्द लग्नानंतर कधी तोंडातून काढला नव्हता. थोरल्या दिरांच्या नावात दगड होता. त्यालाही तिने जन्मभर 'ते कठीण' म्हणूनच भागवलं. मग खुद्द नवऱ्याचं नाव घेण्याची गोष्टच कशाला! चव्वेचाळीस वर्षं ती त्याला 'अहो', नाहीतर 'बुरुलचे बाबा' म्हणत आली होती.

आणि हा काल्मुर्झा कसा, तर उभ्या हयातीत वरच्या कुरणांवर मेंढरं राखली, पण कुत्र्यावरसुद्धा हात उगारला नाही. पाच वर्षांपूर्वी हात कापायला लागले, पाऊल उंबऱ्यात अडकायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी पार्किन्सन असं नाव सांगितलं. गावाला वाटलं, थरथर तेवढी आहे, म्हातारपण म्हणायचं. पण आता तो दिवसभर डुलक्या काढी आणि रात्री झोपेत ओरडे, लाथा झाडी, मुठी चालवी. अंथरूण एकच होतं, तेव्हा लांडग्याच्या वाटणीचा मार बायकोला बसे. सकाळी तोच कळवळून विचारी, "कुणी मारलं गं तुला?" आणि ती बापडी आपली गाईवर घाली.

बुरुलने त्याच दिवशी दोघांना नारिनच्या दवाखान्यात नेलं.

"हा रोग झोपेतही शिरतो, आजी, आणि बुद्धीतही," तरुण डॉक्टरीण म्हणाली. "स्वप्नात माणसाचं अंग निपचित राहतं ना, तसं यांचं राहत नाही. दोष त्यांचा नाही. पुढे नसलेली माणसं दिसतील, असलेली ओळखू येणार नाहीत. तेव्हा वाद घालायचा नाही. गोळ्या वेळेवर द्या, अंथरूण वेगळं करा. झोपेत उठले तर धरायला जाऊ नका, लांबून नावानं हाक मारा."

"नावानं...?" सायरागुलने मान खाली घातली.

"आई, मेंढपाळाच्या बायका म्हणे वादळाला भीत नाहीत," बुरुल परतताना म्हणाली, "आणि तू तीन अक्षरांना भितेस."

"भीत नाही गं. ते माझ्या तोंडात बसतच नाही."

पाच दिवसांनी पहाटे तो झोपेतच उठला. डोळे उघडे, पण बघणं भलतीकडे. चुलीजवळची लोखंडी सळई हातात घेऊन तो मागे मागे सरत होता आणि मागे रसरसलेली चूल होती. "अहो!" तिने हाक मारली. "बुरुलचे बाबा, ऐकताय ना?" छे! पाठ चुलीपासून हातभर राहिली... आणि सायरागुलने सगळं आयुष्य पणाला लावल्यासारखं डोळे मिटून म्हटलं,

"काल्मुर्झा!"

तो थांबला. सळई गळून पडली. तिच्या अंतःकरणात कृतार्थतेची लाट उसळली... क्षणभरच.

"तू कोण?" त्याने विचारलं.

"मी... मीच. सायरागुल."

"खोटं. माझी बायको माझं नाव घेत नाही."

तिने शपथा घातल्या, बोटातली अंगठी दाखवली, भिंतीवरचा फोटो उतरवून आणला. तो भेदरून भिंतीला चिकटला. "बुरुल, ही बाई घरात कशी आली? तुझ्या आईचे कपडे घालून आलीय!"

"आई, पुरे," बुरुल रडत म्हणाली. "वाद घालू नको म्हणाल्यात ना त्या डॉक्टरीणबाई."

काय करावं तिने! जो मान चव्वेचाळीस वर्षं ओठांत जपला तो त्याच्याच जिवासाठी मोडला, आणि नेमक्या त्याच घडीला ती त्याला परकी झाली. दिवस जातील तसं ध्यानात येईल, असं तिला वाटलं. नाही आलं. बुरुलची रजा संपली, ती गेली. काल्मुर्झाने मनाशी ठरवून टाकलं, की लेकीने कामाला बाई ठेवली आहे.

बाईशी तो अदबीने वागे. "चहा बरा करता हं तुम्ही," दुधामिठाचा चहा घेताना तो म्हणे, "पण मीठ घालावं तर आमच्या हिनंच." चहा तोच, मीठ तेच, हातही तोच. सायरागुल मान डोलावी. आपलाच मत्सर वाटावा, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये!

एका दुपारी ती त्याला सूप भरवत होती. मध्येच त्याने तोंड बाजूला घेतलं.

"ती कुठे गेली ते मला कळलंय, बाई. आईकडे गेली असेल."

तिचा चमचा थबकला.

"मेंढ्या वीत होत्या, बर्फ पडत होतं. सासूबाई शेवटच्या घटका मोजतायत असा निरोप आला. मी म्हटलं, कोकरं होऊ देत, मग जा. तिनं पुन्हा विचारलं नाही. सासूबाई गेल्या; ही पोचली ती चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला." त्याची हनुवटी कापत होती. "आल्यावर मला वाढलं, काही बोलली नाही. मला रोज वाटायचं सांगावं... बायकोला काय सांगायचं, म्हणून राहिलं. तुम्ही बाईमाणूस. भेटली तर सांगाल? म्हणावं, मी चुकलो."

एकतीस वर्षं! ह्या एका शब्दासाठी ती एकतीस वर्षं मुकी राहिली होती. मीच ती, असं ओरडून सांगावं आणि त्याच्या गळ्यात पडावं, असं तिला झालं. पण मग तो पुन्हा भिंतीला चिकटला असता.

"सांगते," ती म्हणाली.

"रागावली असेल?"

"नाही. राग कधीच गेला तिचा."

"तुम्हांला काय माहीत?"

"बायकांना कळतं."

त्याने समाधानाने दोन घोट घेतले. मग दाराकडे तोंड करून बसला. "ये म्हणावं आता. मी वाट बघतोय."

सायरागुलने त्याचं तोंड पुसलं, त्याचा थरथरता हात आपल्या हातात घेतला, आणि त्याच्या शेजारी बसून तीही दाराकडे बघत राहिली.