शंकेचा नववा हिस्सा

सागरकाठ प्राधिकरणाच्या अलिबाग कचेरीतली बैठकीची खोली सहा वर्षांपूर्वी बंद झाली. आता तिथे मोडक्या खुर्च्या आणि जुने नकाशे ठेवतात. बैठका घ्यायची गरजच उरली नव्हती. पूर्वी किनाऱ्यावर भिंत बांधायची म्हटली की पाहणी, आराखडा, हरकती, बैठक, बैठकीचं इतिवृत्त आणि ते इतिवृत्त दुरुस्त करायला आणखी एक बैठक, असं करत चार वर्षं जायची. तोवर समुद्र थांबत नसे. २०६१ साली तेच काम नऊ माणसं नऊ दिवसांत आखत आणि यंत्रं महिन्याभरात उभं करत.

हे साधलं ते ‘समलय’मुळे. माणूस विचार करतो तेव्हा मेंदूत विजेच्या बारीक लहरी उठतात. दोन माणसं मन लावून एकच काम करू लागली की त्यांच्या लहरींचा ठेका आपोआप थोडा जुळतो. ढोलपथकातल्या चाळीस जणांचे हात एकमेकांना न विचारता एकदम पडतात, तसंच काहीसं. डॉ. मुक्ता रणदिवे यांनी हा जुळणारा ठेका यंत्राच्या मदतीने पक्का केला. कपाळाला एक पातळ पट्टी बांधायची. ती लहरी वाचते आणि अगदी सौम्य स्पंदनं देऊन नऊ जणांना एका लयीत आणते. एकाच्या मनातलं वाक्य दुसऱ्याला ऐकू येत नसे, पण कशाची घाई आहे, कशाची खात्री आहे, कुठे लक्ष द्यायला हवं, हे न बोलता कळे. अशा नऊ जणांना ‘लयगट’ म्हणत. लयगटाला प्रमुख नसे. भांडणंही नसत.

ओवी सामंत अशाच एका गटात होती. वय एकेचाळीस. माती आणि पाया हा तिचा विषय. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या गटाकडे खारवेळ गावाचं काम आलं. जुना बंधारा फुटला होता आणि जूनमधल्या मोठ्या उधाणाला बावन्न दिवस उरले होते. गट सोमवारी लयीत बसणार होता, म्हणून ओवी शनिवारीच मातीचे नमुने घ्यायला गावात गेली.

तिच्याबरोबर मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष जगदीश तांडेल फिरत होते. साठीचे गृहस्थ, बोलणं कमी. ती समुद्राकडे तोंड करून मोजमापं घेत होती तेव्हा ते मागे वळून उभे राहिले.

“मॅडम, पाणी समोरनं नाही येणार.”

“मग?”

“मागनं येईल. खाडीतनं.” त्यांनी गावामागच्या चिखलाकडे हात केला. “पूर्वी बंधारा ठेंगणा होता, तेव्हा मागनं आलेलं पाणी त्याच्यावरनं समुद्रात उतरायचं. तुम्ही भिंत उंच करणार. मग ते आत शिरलं तर जाणार कुठे?”

ओवीने खाडीकाठी तीन ठिकाणी हातगिरमिटाने भोकं पाडली. दोन मीटरवर समुद्राची वाळू आणि शिंपल्यांचा चुरा लागला. म्हणजे पूर्वी कधीतरी समुद्र खरोखरच मागच्या वाटेने आत आला होता. तिने टेप लावून खोली पुन्हा मोजली. तिने वहीत लिहिलं : ‘खाडीचं तोंड आधी बांधल्याशिवाय समोरची भिंत घालू नये. घातली तर गावाचं पातेलं होईल.’

“मी सांगते त्यांना,” ती म्हणाली.

“नक्की सांगा. तुमच्यावर सोडतो.”

रविवारी तिने डॉ. रणदिवेंना फोन केला. गट दोन वर्षं एकत्र होता आणि त्याची देखरेख त्यांच्याकडेच होती.

“मॅडम, मी दोन दिवस लयीबाहेर राहू का? खाडीचं गणित मला एकटीला करून बघायचंय.”

“राहू शकतेस, नियमात आहे. पण तू नसलीस तर बाकी आठ जण थांबतील. पुन्हा लय बसायला तीन दिवस जातात, म्हणजे पाच दिवस गेले. आणि एकटीने कशाला करायचं? तुझ्या मनात आहे ते आत नेलंस की नऊ डोकी त्यावर बसतील.”

ओवीला ते पटलं. बावन्न दिवसांतले पाच दिवस म्हणजे थोडे नव्हते. तिने होकार दिला.

सोमवारी सकाळी नऊला पट्ट्या बांधल्या. ओवीने नमुन्यांचे आकडे समोर ठेवले आणि खाडीचं सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं, कोणी हसण्यावारी नेलं नाही. दहा-बारा मिनिटांत तिला हलकं वाटू लागलं. मुद्दा खरा होता, पण घाबरण्यासारखा वाटेना. मग कामाने वेग घेतला. अकराशे मीटरची भिंत, सहा मीटर उंची, पाया असा, दगड तिथून. चौथ्या दिवशी खाडीच्या बंधाऱ्याचा विषय पुन्हा निघाला आणि आराखड्यात एक ओळ आली : ‘खाडीमुखाचं काम दुसऱ्या टप्प्यात, पावसाळ्यानंतर.’ ती ओळ ओवीने स्वतः टाइप केली.

भिंत सदतीस दिवसांत पूर्ण झाली. गावाने नारळ फोडला. जगदीश तांडेल आले, भिंतीकडे बघितलं, मागे खाडीकडे बघितलं, आणि घरी गेले.

जूनमधल्या उधाणाला पहाटे साडेपाचला पाणी चढू लागलं. समोरची भिंत जागची हलली नाही. पाणी खाडीतून आलं आणि चाळीस मिनिटांत गावात छातीपर्यंत चढलं. भिंतीने ते अडवून धरलं. ओहोटी लागली तरी अडीच तास ते उतरलं नाही. पाच माणसं गेली. जगदीश तांडेलांचे थोरले भाऊ अंथरुणाला खिळलेले होते. त्यांना माळ्यावर चढवताना वहिनी पडल्या त्या सापडल्याच नाहीत. भाऊ वाचले.

चौकशी झाली. तीत ओवीच्या वहीचं पान निघालं. समितीने विचारलं, हे लिहूनही ती ओळ कशी टाइप केली? ओवी म्हणाली, टाइप करताना ती बरोबरच वाटली होती. डॉ. रणदिवेंनी पट्ट्यांच्या नोंदी मागवल्या आणि दोन आठवड्यांनी तिला बोलावून घेतलं.

“हे बघ,” त्यांनी पडद्यावरची रेष दाखवली. “सोमवारी सकाळी आत आलीस तेव्हा तुझी शंका इथे होती. माणसाला उठून ‘थांबा’ म्हणायला लावायला जेवढी लागते, त्याच्या दुप्पट.”

“मग ती गेली कुठे?”

“कुठेच नाही गेली. नळीने जोडलेल्या भांड्यांत पाणी एका पातळीला येतं ना? तशी ती नऊ जणांत वाटली गेली. प्रत्येकाकडे नववा हिस्सा. ज्ञान आणि उत्साह वाटले जातात म्हणून आम्ही खूश होतो. शंकाही वाटली जाते, हे आम्ही बघितलंच नाही.”

काँक्रीटचा जाणकार फैजल मुकादम त्याच गटातला. तो शेजारीच बसला होता. तो सावकाश म्हणाला, “त्या सोमवारी मला वाटलं होतं की सकाळचं खाणं पचलं नाहीये.”

उरलेल्या सात जणांना विचारलं. एकीला चप्पल टोचल्यासारखं वाटलं होतं. एकाला घरी गॅस चालू राहिला का, असं वाटलं होतं. प्रत्येकाला काहीतरी वाटलं होतं, आणि सांगण्याइतकं ते कोणालाच वाटलं नव्हतं.

समितीने अहवाल दिला. दोष कोणा एकाचा नाही, असं त्यात होतं, आणि ते खोटं नव्हतं.

ऑगस्टमध्ये ओवी एकटीच खारवेळला गेली. जगदीश तांडेल ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी तिला बसायला पाट दिला.

“तुम्हाला सांगितलं होतं मी,” ते म्हणाले.

“हो. मी ते लिहूनही घेतलं होतं. चूक माझी आहे.”

ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ओवीला कळत होतं की इथे आपल्याला रडू यायला हवं. आत येताना वहिनींचा हार घातलेला फोटो तिने बघितला होता. वाईट वाटत होतं, पण बसमध्ये छत्री विसरल्यावर वाटतं तेवढंच.

याचं कारणही तिला डॉ. रणदिवेंनी सांगितलं होतं. दोन वर्षं लयीत बसून मेंदूला सवय लागते. काही जोरात उसळून आलं की उरलेले आठ जण उचलतील अशा हिशेबाने तो आपल्यापुरता हिस्सा ठेवतो आणि बाकीचं सोडून देतो. पट्टी काढली तरी सवय जात नाही. ओवीने विचारलं होतं, कधी जाईल? डॉ. रणदिवे म्हणाल्या होत्या, माहीत नाही. ते सांगतानाही त्यांचा आवाज शांत होता. पूर्वी एका लयगटात दोन वर्षं त्यांच्याही कपाळाला पट्टी होती.

“तुम्हाला काही वाटत नाही का हो?” तांडेलांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

ओवीने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. “वाटतं. पण थोडं. आम्हा सगळ्यांना थोडं थोडं वाटतं.”

तांडेलांनी जाळं खाली ठेवलं.

“आता खाडीचं काम कोण करणार?”

“आमचाच गट. पुढच्या सोमवारी बसतोय. सहा दिवसांत आराखडा होईल. या वेळी बरोबर होईल, काका. खाडीचं सगळं माहीत आहे आता.”

“असेल बरोबर.” ते म्हणाले. “पण माझी एक मागणी लिहून घ्या. या कामावर एक तरी माणूस असा द्या, की पाच माणसं गेली या विचाराने ज्याला रात्री झोप लागत नाही. हुशार नसला तरी चालेल.”

ओवीने वही काढली आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग तिने मनातल्या मनात कचेरीतले लोक मोजले. दोनशे त्रेचाळीस अभियंते. सगळे कुठल्या ना कुठल्या लयगटात.

“तसं आमच्याकडे कोणी उरलेलं नाही, काका,” ती म्हणाली.

त्यांनी जाळं पुन्हा हातात घेतलं. तिने नमस्कार केला आणि ती गाडीत येऊन बसली. खारवेळचा फाटा मागे पडायच्या आतच तिला गाढ झोप लागली. अलिबाग आल्यावर ड्रायव्हरने तिला हाक मारून उठवलं.