क्रेनचं जहाज कललं कशामुळे?

"अरे, जहाज कलतंय!" चष्मिस ओरडला.

न्याहारीच्या टेबलावरून त्याचा डबा घसरला आणि थेट बटाट्याच्या मांडीत जाऊन पडला. बटाटा म्हणजे धांदरीचा सहा वर्षांचा भाऊ, आणि चष्मिस त्यांचा मामेभाऊ. धांदरीला धांदरी का म्हणतात, ते पुढे कळेलच!

तिघं डेकवर धावली. सुट्टीत ती आईच्या जहाजावर राहायला आली होती. जहाज साधंसुधं नव्हतं! पाच हजार टन एका दमात उचलणारी क्रेन त्यावर होती आणि ती चालवायची धांदरीची आई. आज पुलाचा अख्खा तुकडा उचलायचा होता. तो तराफ्यावरून जेमतेम वीतभर उचलला, तोच जहाज उजवीकडे झुकलं होतं. आईने तुकडा अलगद परत टेकवला.

मुख्य अधिकारी लालबुंद झाले होते. "बाईंनी घाई केली! भार वाढेल तसं उजव्या टाक्यांतलं पाणी उपसून आम्ही जहाज सरळ ठेवतो. पंप चालू होते, तपासणीही झाली होती. हा बघा कागद, सगळीकडे बरोबरच्या खुणा!"

कप्तानकाकांनी सुस्कारा सोडला. "दुपारी दुसरा चालक बसवावा लागेल."

आईने हातमोजे काढले. ती बाकावर बसून राहिली.

"आत्या आणि घाई? शक्यच नाही!" चष्मिस कुजबुजला. "पाणीच उपसलं गेलं नसणार. चला, शोधू!"

पंपवाले काका वैतागलेलेच होते. "चार नंबरची टाकी हटून बसलीय. पंप नुसता घरघरतोय!"

"काका, पाणी बाहेर येताना टाकीत हवा कुठून जाते?" चष्मिसने विचारलं.

"डेकवरच्या वाकड्या नळीतून. तेलाच्या डब्याला दुसरं भोक पाडतो ना आपण? तसंच."

धांदरीला एकदम आठवलं. काल लपाछपीत त्याच नळीतून 'फुस्स्' आवाज आला होता आणि बटाट्याने भोकाड पसरलं होतं. मग तिने आपला पिवळा रेनकोट नळीच्या तोंडावर घट्ट आवळून बांधला. नंतर सोडायचा म्हणून! तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि ती साफ विसरली.

तिघं धावत नळीपाशी गेली. रेनकोट आत शोषला जाऊन त्याचा बोळा झाला होता. एक बाही तेवढी बाहेर लोंबत होती.

"गुपचूप काढून टाकू," चष्मिस म्हणाला. "जहाज सरळ राहील. कुणाला कळायचंसुद्धा नाही!"

"आणि आई?" धांदरीने विचारलं.

धांदरीला स्वतःची इतकी लाज वाटली, की कान गरम झाले. ती तशीच कप्तानकाकांकडे निघाली. मुख्य अधिकारीही तिथेच उभे होते.

"काका," तिने मुख्य अधिकाऱ्यांना विचारलं, "तुम्ही आज तपासणीत सगळ्या नळ्या पाहिल्या?"

"एकूण एक! स्वतः!"

"चार नंबरच्या नळीवर काय होतं?"

"काय असणार? काही नव्हतं!"

"माझा रेनकोट होता. कालपासून आहे. मीच बांधला." ती कप्तानकाकांकडे वळली. "आईची काही चूक नाही!"

मुख्य अधिकाऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला. खोलीत बसून केलेल्या खुणा होत्या त्या! कागदाची घडी कुठे लपवावी, ते त्यांना कळेना.

नळी मोकळी झाली. आई पुन्हा क्रेनवर चढली. पुलाचा तुकडा तराफ्यावरून उचलला गेला, उंच गेला, आणि जहाज तसूभरही कललं नाही!

"शाबास पोरांनो!" कप्तानकाका गरजले. "चूक कबूल करायला छाती लागते. आज तुम्ही जहाज वाचवलंत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं धांदरीला झालं. पण जहाजावर धरणी आणायची कुठून?

आई खाली उतरली. धांदरी मान खाली घालून म्हणाली, "आई, रागव ना गं मला!"

"रागवणार आहेच. सावकाश." आईने तिला जवळ ओढलं. "सकाळपासून मला वाटत होतं, माझाच हात चुकला. वीस वर्षांत पहिल्यांदाच."

टाळ्या अजून चालूच होत्या. धांदरी आईच्या कुशीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली.