वय उणे शहात्तर

"अहो, माझा जन्म व्हायला अजून शहात्तर वर्षं आहेत, ठाऊक आहे का तुम्हाला?"

सदाशिव पेठेतल्या आनंदीबाईंच्या वधूवर सूचक केंद्रात मी शिरले आणि छापील यादी टेबलावर आपटली. नाव कल्याणी, शिक्षिका, वय उणे शहात्तर! कॉम्प्युटरमागून एक चष्मा वर आला. त्यामागचे डोळे... जाऊ दे, मी भांडायला आले होते.

"तुम्ही एकट्याच नाही," तो म्हणाला. "यादीतली सगळी स्थळं अजून जन्मायचीत."

हा अभय, आनंदीबाईंचा भाचा. साल होतं १९९९. हा कंपनीत दिवसभर दोन आकडी सालं चार आकडी करायचा. तिथे मुदत ठेवी संपायच्या, म्हणजे पुढच्या तारखा, म्हणून ऐंशीच्या आतलं साल दोन हजारांनंतरचं धरायचं. तोच नियम पठ्ठ्यानं इथे लावला, आणि माझं ७५ झालं २०७५!

"मग नियम बदला की!"

"बदलला. पण हे बघा ना..." त्यानं फॉर्मचा गठ्ठा पुढे केला. कुणी तारीख लिहिलेली, कुणी तिथी, कुणी नुसतंच शके १८९४.

"शकात अठ्ठ्याहत्तर मिळवा. माघ-फाल्गुन असेल तर एकोणऐंशी. तिथीला जुनं पंचांग बघा. इतिहास शिकवते मी."

"भांडायला वेळ आहे ना? मग बस, वाचून दाखव त्याला," आनंदीबाई आतून म्हणाल्या.

बसले! आठवडाभर शाळा सुटली की मी तिथे. मी वाचायची, तो टाइप करायचा.

"जरा हळू वाचा."

"का? बोटं दमली?"

"नाही... लवकर संपेल."

मी चहाचा कप तोंडाला लावला, तर तो त्याचा निघाला. तो हसला. आवडला होता मला तो, खूप आवडला होता! पण शनिवारी दुरुस्त यादी पोस्टात पडणार, मग लोक मला बघायला येणार, मी पोहे घेऊन बाहेर जाणार. आणि हा इथे पुढची यादी छापत बसणार.

शनिवारी प्रिंटर खरखरला. बाराशे नावं, सगळ्यांची वयं बरोबर. आणि कल्याणी... उणे शहात्तर!

"अहो! मीच तेवढी राहिले?"

त्याचे कान लाल झाले. "राहिली नाही... ठेवली."

"म्हणजे?"

"असलं वय बघून कोण येणार तुम्हाला बघायला? निदान महिनाभर तरी... तेवढ्यात मला धीर आला असता."

"मला न विचारता? माझी जन्मतारीख आहे ती!"

"चुकलंच. आता विचारतो. माझ्याशी लग्न कराल?"

"पाचला पोस्ट बंद होतं," आनंदीबाई आतून ओरडल्या. "काय ते आटपा!"

"नाव कमी करायचा फॉर्म द्या," मी म्हटलं.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं फॉर्म दिला. 'कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'लग्न जमलं', आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. तो वाचतच राहिला.

"तारीख राहिली," तो कसाबसा म्हणाला.

मी तारीख घातली. साल चारही आकड्यांत लिहिलं.