तीन तांबड्या पाकळ्या

सकाळी भिकाजी गुरवानं देऊळ उघडलं, तेव्हा देवीच्या डाव्या खांद्यावर तीन तांबड्या पाकळ्या तशाच चिकटलेल्या होत्या.

कौल कालचा. मागं राहिलेल्या पाकळीला हात लावायचा नाही. ती वाळून आपणहून गळते. आजवर दुसरा दिवस तिनं कधी पाहिला नव्हता. भिकाजीनं नखानं एक पाकळी खरवडली. खालून मुंग्यांची रांग निघाली.

ही गोष्ट कोणाला सांगायची नाही, असं त्यानं ठरवलं आणि लगेच जाऊन सुशीलेला सांगितली.

सुशीला तडक सगुणच्या ओसरीवर आली. सगुण बसचा निवृत्त कंडक्टर. बसमध्ये माणसं किती, तिकिटं किती, हे बघण्यात त्याची तीस वर्षं गेली. आता तो इब्रामपूरची माणसं तशीच बघायचा.

"भावजी, कौलात कोणीतरी लबाडी केली. कोणी केली तेवढं शोधून द्या."

"वयनी, देवीनं होय म्हटलं म्हणून तुम्हांला लबाडी दिसते. नाही म्हटलं असतं तर?"

"तर मी नारळ फोडला असता आणि गप्प बसले असते," सुशीला म्हणाली. "पण परवा ग्रामसभा आहे. तिथं खाणीला ना-हरकत मिळाली की माझ्या घरामागचा डोंगर गेला. झर आटली की विहीर गेली. मग मी घर डोक्यावर घेऊन कुठं जाऊ?"

डोंगरावर चिरेखाण काढायची होती. कंत्राटदार डिचोलीकडचा, अर्ज पंचायतीत पडलेला. गोवा राज्य होऊन दुसरं वर्ष. ठराव कोंकणीत लिहायचा की मराठीत, यावर मागच्या सभेत दीड तास भांडण झालं. खाण हवी की नको, यावर मात्र कोणी तोंड उघडलं नाही. शेवटी कोणीतरी म्हणालं, देवीलाच विचारूया. सगळ्यांनी इतक्या झटकन माना डोलावल्या, की सगुणला बसमधले फुकटे प्रवासी आठवले.

कौलाची रीत सोपी. देवीच्या उजव्या खांद्यावर पांढऱ्या कण्हेरीची पाकळी पाण्यानं चिकटवायची, ती होकाराची. डाव्या खांद्यावर तांबडी, ती नकाराची. जी आधी गळेल ते उत्तर. असं तीन वेळा. काल तिन्ही वेळा पांढरी गळली होती. गाव गप्प उभं होतं. फक्त सुशीलेची नवी सून हौसा, खांबाशी उभी, हात जोडून हसली होती. सगुणनं ते पाहिलं होतं आणि पोरीला सासू नको झालेली दिसते, असं मनात नोंदवून ठेवलं होतं.

तो आधी देवळात गेला.

"भिकाजी, पाकळ्यो तू कसल्यान लावलंस?"

"पाण्यान. कळशी सगळ्यांच्या म्होरे भरली. माझ्यार संशय घेतंस?"

"दोन्ही पाकळ्यांक तांच पाणी?"

"तांच."

"फुलांचा तबक खंयसून इला?"

"मान सुशीलेच्या घराचो. फुलां तिच्याच परसातली. तबकात पांढरी एका वाटयेत, तांबडी दुसऱ्या. ह्या काय आज ठरलां?"

सगुणनं मुंग्यांच्या वाटेवर बोट फिरवून जिभेला लावलं. गूळ.

बाबली तिठ्यावर आपल्या ट्रकाला टेकून उभा होता. खाण सुरू झाली तर पहिली खेप त्याचीच.

"बाबली, कौल तुझ्या मनासारखो झालो."

"देवीच्या मनासारखो म्हण."

"कौलाच्या येळार तू खंय होतंस?"

"भायर, दीपमाळेकडे. माका सुतक. चुलतो जावन पाच दिवस झाले. देवळाचो उंबरो ओलांडूक नाय, कोणाच्या घरात फुलाक हात लावक नाय. इचार कोणाकय." तो हसला. "तुझो भाचो माझ्याच ट्रकार क्लीनर लागतलो, तां इसरलंस काय?"

सगुण विसरला नव्हता.

संध्याकाळी तो सुशीलेकडे गेला. हौसानं चहा आणून ठेवला. चंदगडकडची पोर, लग्नाला आठ महिने झालेले. नवरा पणजीला कामाला, शनिवारी येणारा. सगुणनं सहज विचारल्यासारखं विचारलं,

"गो बाय, तुमच्याकडं कौल लावतात?"

"लावत्यात की, काका. अशीच फुलं लावत्यात."

"आणि उत्तर कसं कळतं?"

"देवानं धरून ठेवलं ते खरं. टाकलं ते टाकलं."

सगुणनं चहा अर्धाच घेतला. त्या रात्री तो जेवलाही नाही, हे त्याच्या बायकोनं चार घरी सांगितलं.

रविवारी देवळासमोर सभा भरली. सरपंच यशवंतनं ठरावाचा कागद उघडला. सगुण उठला.

"कागद थोडा वेळ मीट. कौल खोटा आहे."

बाबली ओरडला, "देवीन होय म्हटल्यान, आता माणसांनी नाय म्हणूचा?"

"देवीनं काहीच म्हटलं नाही. तांबड्या पाकळ्यांना मागून गूळ लावला होता, म्हणून त्या गळल्या नाहीत. पांढऱ्या नुसत्या पाण्यावर होत्या, त्या गळल्या. मला आधी भिकाजीचा संशय आला. पण स्वतः गूळ लावणारा माणूस पाकळ्या सकाळपर्यंत ठेवील कशाला? त्यानं त्या गुपचूप धुतल्या असत्या. आणि मुंग्यांची बातमी तर त्यानंच बाहेर दिली. बाबलीला सुतक; तो ना देवळात आला, ना फुलांजवळ. राहिलं तबक. ते एकाच घरातून आलं."

सगळ्यांनी सुशीलेकडं पाहिलं.

"वयनींनी लावला नाही," सगुण म्हणाला. "त्या इथं जन्मल्या. नकार हवा असता तर त्यांनी गूळ पांढऱ्या पाकळीला लावला असता. तांबडीला गूळ लावला तर खाण येते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मग दोनच माणसं उरतात. एक, ज्याला खाण हवी; तसं त्या घरात कोणी नाही. दुसरं, ज्याला नको, पण जिथं देवानं धरलेलं फूल खरं मानतात तिथून आलेलं. त्या माणसाला वाटलं, देवी नकार धरून बसली. म्हणून पांढरी पडल्यावर सगळ्या गावात तेच एकटं हसलं. नाव मी सांगणार नाही."

नाव सांगायची गरज उरली नाही. हौसा उठून उभी राहिली होती.

"मीच लावला," ती म्हणाली. "आत्या रोज रातच्याला विहिरीत वाकून पाणी बघत्यात. मला वाटलं, घर वाचंल. पडलेलं खरं असतंय, ते मला घरी गेल्यावर कळलं. आत्यांस्नी सांगायला तोंडच झालं न्हाई."

लबाडी कोणी केली ते शोधून द्या, असं सुशीलेनंच म्हटलं होतं.

"मग कौल परत लावा," बाबली म्हणाला.

"तोच प्रश्न देवीक वर्षभर इचारूक येणा नाय," भिकाजीनं मान हलवली.

यशवंतनं घसा साफ केला. "मग हात वर करायचे. खाण नको म्हणणारे कोण?"

माणसं आपापल्या चपला बघत होती.

"पोरीनं देवीला फसवलं, खरं," सगुण म्हणाला. "पण आपण काय केलं? पांढरी पाकळी पडली तेव्हा मला हायसं वाटलं. भाच्याला काम मिळणार होतं आणि वयनींना तोंडावर नाही म्हणायला नको होतं. ते नाही म्हणणं आपण देवीवर ढकललं. पोरीनं निदान आपल्या घरासाठी केलं. मी तर तेवढंही केलं नाही."

त्यानं हात वर केला. मग भिकाजीचा गेला. मागून एक बाई, मग तिची जाऊ. सुशीलेनं शेजारी उभ्या सुनेचं मनगट घट्ट धरलं आणि स्वतःच्या हाताबरोबर तेही वर नेलं.

"तिचो हात मोजणीत धरू नको," बाबली म्हणाला. "तिचा नाव मतदार यादीत नाय."

यशवंतनं यादी पाहिली आणि मान डोलावली. नको म्हणणारे एकेचाळीस झाले, हवी म्हणणारे तेहतीस. हौसाचा हात त्यानं धरला नाही. ठराव लिहून झाला, माणसं उठली, भिकाजीनं देवळाचं दार ओढून घेतलं, तरी तिचा हात वरच होता.

"पुरे गो आता," सुशीला म्हणाली. पण मनगट तिनंही सोडलं नव्हतं.